काल्पनिक संघ, खराखुरा पराभव

२८ सप्टेंबर २०२४ ची संध्याकाळ प्रस्तुत लेखक सहजासहजी विसरणार नाही. त्या शनिवारी लंडनमध्ये चेल्सीच्या कोल पामरने ब्रायटनविरुद्ध पूर्वार्धातच चार गोल केले. प्रीमियर लीगच्या इतिहासात पूर्वार्धात चार गोल करणारा तो पहिलाच खेळाडू. फुटबॉलच्या रसिकाने अशा वेळी उभे राहून टाळ्या वाजवाव्यात. विद्यार्थिदशेत कुपरेजवर रोव्हर्स चषकाचे सामने उन्हातान्हात पाहिलेला मी मात्र प्रत्येक गोलागणिक अधिकच खिन्न होत गेलो. कारण आदल्याच रात्री मी पामरला विकले होते.

विकले ते अर्थातच कल्पनेत. ‘फँटसी प्रीमियर लीग’ हा खेळ आता जगभर लक्षावधी लोक खेळतात आणि त्याला प्रवेशशुल्क नाही. प्रत्येकाने १०० दशलक्ष काल्पनिक पौंडांत पंधरा खेळाडू घ्यायचे. एका क्लबमधून तिघांपेक्षा अधिक नाहीत. ते खेळाडू प्रत्यक्ष सामन्यांत जे करतील, त्याचे गुण आपल्याला मिळतात. कर्णधार नेमलेल्या खेळाडूचे गुण दुप्पट होतात. ठरलेल्या संख्येपेक्षा अधिक खेळाडू बदलले, तर दर बदलामागे चार गुण दंड. सर्वांना समान भांडवल, वारसा नाही, कर्ज नाही! खऱ्या लीगमध्ये मँचेस्टर सिटीमागे २००८ पासून अबुधाबीच्या राजघराण्यातला पैसा उभा आहे. समतेचा आरंभबिंदू काय तो या लटक्या खेळातच. जन्मभर अर्थशास्त्र शिकवलेल्या माणसाला याचा मोह पडला, तर नवल नाही. शिवाय ज्याला मागणी वाढते त्या खेळाडूची किंमतही येथे वाढते. हा तर आपलाच प्रांत, असे समजून मी भाच्याच्या मित्रमंडळात सामील झालो.

माझी चूक अशी. सिटीच्या अर्लिंग हालंडने पहिल्या पाच सामन्यांत दहा गोल केले होते आणि तो माझ्याकडे नव्हता. सहाव्या आठवड्यात मी पामर आणि आणखी एक आघाडीचा खेळाडू विकला. त्या पैशांत हालंड आणि जेमतेम किमतीचा एक मधल्या फळीतला खेळाडू घेतला. एक बदल अधिक झाला म्हणून चार गुण दंड भरला. हालंडला कर्णधार केले. त्या शनिवारी न्यूकॅसलमध्ये सिटीचा सामना १-१ असा सुटला आणि हालंडला गोल करता आला नाही. खेळल्याचे दोन गुण, दुप्पट होऊन चार. दंड वजा जाता शून्य. अडीच तासांनी पामरचा सामना सुरू झाला. भाच्याचा कर्णधार पामर होता. पंचवीस गुण, दुप्पट पन्नास.

रात्री भाच्याचा फोन आला. त्याला हसू आवरत नव्हते. “मामा, तुम्ही गेल्या आठवड्याचे गुण विकत घेता. ते कुणीच विकत नसतं.”

वर्गात मी हे वाक्य निराळ्या शब्दांत तीस वर्षे सांगत आलो होतो! भाव चढल्यावर शेअर घेणाऱ्या मध्यमवर्गाची मी यथेच्छ थट्टाही केली होती. तरीही त्या पराभवातून मी प्रथम जे शिकलो, ते चुकीचेच शिकलो. ऑक्टोबरात पामरला चढ्या किमतीला परत आणले. पुढे १४ जानेवारी २०२५ नंतर ४ मेपर्यंत त्याने लीगमध्ये एकही गोल केला नाही. आणि मी त्याला धरून बसलो, कारण एकदा सोडल्याची शिक्षा मला आठवत होती. त्याच मोसमात लिव्हरपूलच्या मोहम्मद सालाहने २९ गोल केले आणि या खेळाच्या इतिहासातले सर्वाधिक, ३४४ गुण मिळवले. त्याची पहिली किंमत हालंडपेक्षा अडीच दशलक्षांनी कमी होती. शेवटी मंडळात मी तळाला राहिलो.

मे महिन्यात वही काढून हिशेब केला, तेव्हा जरा निराळे दिसले. २८ सप्टेंबरचा पराभव हा मुख्यतः दैवाचा होता. दहा गोल केलेल्याला कर्णधार करणे हा काही मूर्खपणा नव्हे. मूर्खपणा होता तो दंड भरून धावत सुटण्यात, आणि त्याहूनही पुढच्या सात महिन्यांत. म्हणजे ज्या दिवसाबद्दल मी स्वतःला दोष देत होतो, त्या दिवशी माझा दोष थोडा होता. जिथे तो पुष्कळ होता, तिथे एकही मोठा धक्का बसला नाही, म्हणून ध्यानात आला नाही. अडतीस आठवड्यांत माणसाचे कौशल्य दिसते. एका संध्याकाळी बव्हंशी नशीबच दिसते.

हा भेद केवळ माझ्या वहीपुरता असता, तर येथे लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. २०१७ साली पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने असे खेळ कौशल्याचे ठरवले, म्हणजे ते जुगारात मोडत नाहीत. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही तेच मत दिले. त्या आधारावर आपल्याकडे प्रवेशशुल्काच्या स्पर्धांचा मोठा बाजार उभा राहिला. कौशल्य आहे, हे मान्य. पण या स्पर्धा अडतीस आठवड्यांच्या नव्हत्या. एकेका सामन्याच्या होत्या. कौशल्याला ज्या काळात फळ यावे, तो काळच छाटून टाकायचा आणि वर कौशल्याचे नाव सांगायचे! हा युक्तिवाद मला कधीच पटला नाही. माझ्या तळाच्या क्रमांकानंतर तर मुळीच नाही.

आमच्याकडे पेपर टाकणारा तरुण क्रिकेटच्या अशा स्पर्धांत दर सामन्याला पैसे लावीत असे. त्याला मी माझी फजिती हसत हसत सांगितली. तो हसला नाही. “सर, एकच प्लेअर बदलला असता ना, तर त्या दिवशी सगळं फिटलं असतं,” तो म्हणाला. पामरबद्दल मी हेच म्हणत होतो, जवळजवळ याच शब्दांत. माझे चार गुण गेले होते. त्याच्यावर दोन ठिकाणची उसनवारी होती.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून, कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैसे लावून खेळायचा प्रत्येक ऑनलाइन खेळ बंद केला. घाईने केलेल्या या कायद्यावर टीका झाली, आणि तीत तथ्य आहे. बंदीने उसनवारी फिटत नाही, हेही खरे. पण कौशल्य की नशीब हा प्रश्नच त्याने बाजूला ठेवला, हे मला योग्य वाटते. विचारायचे ते एवढेच की हरणाऱ्याचे काय जाते.

पेपरवाल्याला मी बिनपैशाच्या खेळाचे निमंत्रण दिले होते. फुटबॉलमधले आपल्याला काही कळत नाही, असे म्हणून त्याने ते नाकारले. मला तरी कुठे कळत होते, असे मी त्याला म्हणालो. पण तोवर तो जिना उतरला होता.