तव्याजवळ कोण उभं राहणार?

मागच्या हिवाळ्यात आई मालवणहून आमच्याकडे अवोन्डेलला सहा महिने राहायला आली होती. एका मंगळवारी माझ्या सतरा वर्षांच्या मुलाने सॅल्मनचे चार तुकडे एअर फ्रायरमध्ये ठेवले आणि म्हणाला, "आजी, फक्त आठ मिनिटं." आईने त्या डब्याकडे पाहिलं आणि मला हळूच विचारलं, "तेल नाय, तवो नाय, आणि हेका मासे तळणां म्हणतत?"

आईचं बरोबरच होतं. ते तळणं नव्हेच. एअर फ्रायर म्हणजे पंखा लावलेली छोटी भट्टी. आपण त्याच्याकडून तव्याची अपेक्षा करतो आणि मग "चव नाही" म्हणून नाक मुरडतो.

सॅल्मनचंही तसंच. मुंबईच्या हॉटेलांत रावसाला 'इंडियन सॅल्मन' म्हणतात, म्हणून आपल्याला वाटतं की सॅल्मन म्हणजे परदेशी रावस. दोघांचं काही नातं नाही. इथला किंग सॅल्मन तर मूळचा इथलाही नव्हे. 1901 ते 1907 या काळात कॅलिफोर्नियातून त्याची अंडी आणून दक्षिण बेटावर वायटाकी नदीच्या खोऱ्यात उबवली. (म्हणजे तोही आपल्यासारखाच बाहेरून आलेला, फक्त त्याला व्हिसा लागला नाही.) आज दुकानात मिळतो तो मार्लबरो साउंड्स, स्ट्युअर्ट आयलंड अशा ठिकाणी पाळलेला. त्याच्या अंगातच भरपूर तेल असतं, म्हणून तो गरम हवेत कोरडा पडत नाही. रवा मात्र लावू नका. रव्याला वरून तेल लागतं, नाहीतर तो पांढरा आणि कोरडाच राहतो.

आमची रीत साधी आहे. हळद, तिखट, ठेचलेला लसूण आणि चमचाभर कोकमाचं आगळ. आगळात मीठ असतंच, तेव्हा वरून मीठ जपून. आगळ नसेल तर लिंबू. दहा मिनिटं मुरू द्यायचं, कातडी खाली ठेवायची, 200 डिग्री, बोटभर जाड तुकड्याला सात-आठ मिनिटं. तेवढ्यात कुकरमधला भात निवतो. रविवारी रेसकोर्सवरच्या मार्केटमधून आणलेली कोथिंबीर वरून घातली की झालं.

काही जणी सांगतात, "घरात वास येत नाही म्हणून एअर फ्रायर घेतला." हे कारण मला पटत नाही. एक तर वास येतोच. आणि दुसरं म्हणजे, माशाच्या वासाची लाज आपण इथे येऊन शिकलो. ती मुलांना कशाला शिकवायची?

माझं कारण वेगळं आहे. लहानपणी आम्ही भावंडं आणि बाबा पाटावर बसायचो आणि आई तव्याजवळ उभी असायची. गरम तुकडा आमच्या ताटात, मोडलेला किंवा शेपटीचा तिच्या. ती जेवायला बसायची तेव्हा आमचे हात धुऊन झालेले असायचे. इथे येऊन पंधरा वर्षं मीही तेच केलं. रोझबँक रोडवरची शिफ्ट संपवून घरी यायचं, स्मोक अलार्म वाजू नये म्हणून जुलैच्या थंडीत खिडकी उघडायची आणि शेवटी एकटीने जेवायचं. कोणी सांगितलं नव्हतं. तसंच असतं, एवढंच माहीत होतं. त्या मंगळवारी पहिल्यांदा आई, मी आणि मुलं एकाच वेळी ताटावर बसलो, आणि मासे केले होते मुलाने.

याचा अर्थ तवा माळ्यावर टाका, असं नाही. आमच्या एअर फ्रायरमध्ये चारच तुकडे मावतात. पाहुणे आले की पुन्हा खेपा आल्या, आणि पुन्हा कोणीतरी ओट्याजवळ अडकणार. स्नॅपरसारखा कमी तेलाचा मासा त्यात सुकतो, त्याला तवा आणि रवाच हवा. फक्त त्या तव्याजवळ दर वेळी आईच का, हे घरात एकदा विचारून बघा.

आईने त्या दिवशी तुकडा मोडून पाहिला, "मीठ कमी" म्हणाली आणि दुसरा घेतला. पुढच्या मंगळवारी मुलगा घरी यायच्या आधीच तिने आगळाची बाटली ओट्यावर काढून ठेवली होती.