सूज लेकराच्या सांध्याला, बोल मात्र आईला



संधिवात हा म्हाताऱ्या माणसांचा आजार, लेकरांना तो होत नाही, असा आपल्या वस्त्यांतून पक्का समज आहे. लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज फ्रेडरिक स्टिल यांनी १८९७ सालीच मुलांच्या या आजाराचे वर्णन करून ठेवले, तरी तो समज हलत नाही. सोळा वर्षांच्या आत सुरू झालेली, सहा आठवडे वा अधिक टिकलेली आणि दुसरे कारण न सापडणारी सांध्यांची सूज म्हणजे हा आजार. लेकरू सकाळी उठताना लंगडते, गुडघा आखडलेला असतो, आणि ऊन वर येईपर्यंत तेच लेकरू खेळायला पळते. मग घरचे म्हणतात, शाळा बुडवायचे ढोंग आहे!

ढोंग नाही म्हटल्यावर बोल लागतो आईला. "तुझ्या माहेरचं रक्तच तसलं." नाही तर "मागच्या जन्माचं भोगतंय." १९५६ साली धम्मदीक्षा घेतलेल्या समाजात हे ऐकताना आम्हाला लाज वाटते. सीवक नावाच्या परिव्राजकाला तथागतांनी सांगितले होते की, पित्त, कफ, वात, ऋतुबदल, बाहेरची इजा अशा अनेक कारणांनी माणसाला वेदना होतात. सारे काही पूर्वकर्माने होते असे म्हणणारे चुकतात. गतजन्मीच्या कर्माचा सिद्धांत बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात साफ नाकारला आहे.

आता 'रक्ताचे' पाहू. शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचा पूर्ण संच असतो. आम्ही कारकून माणसे, आमच्या भाषेत सांगायचे तर सगळ्या फायली प्रत्येक कचेरीत असतात. पण कोणती फाईल कधी काढायची आणि केव्हा बांधून ठेवायची, हे तिच्यावरचा शेरा ठरवतो. माणसात प्रथिने बनविणारी सुमारे २०,००० जनुके आहेत. डीएनएचा तो जेमतेम दोन टक्के भाग. उरलेल्या भागात जनुके चालू-बंद करणारी ठिकाणे विखुरलेली आहेत. या संधिवाताशी जोडलेले बहुतेक फरक जनुकांत नव्हे, तर अशा ठिकाणी सापडतात. म्हणजे फाईल शाबूत, शेऱ्यात घोळ! जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींत लढाईची जनुके नको तेव्हा चालू राहतात आणि आपल्याच सांध्यावर चालून जातात. यातला एकेक फरक निरोगी माणसांतही आढळतो. एकट्याने तो आजार आणत नाही. शिवाय निम्मी जनुके बापाकडून येतात, हे सासूबाईंनी ध्यानात घ्यावे.

आमच्या मते सर्वांत मोलाची गोष्ट पुढेच आहे. अमेरिकेतील बालसंधिवाततज्ज्ञ जेम्स जार्विस आणि सहकाऱ्यांनी २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. औषधाने ज्या मुलांची सूज पूर्ण उतरली होती, त्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी त्यांनी तपासल्या. त्या पेशींतील जनुकांचे काम निरोगी मुलांसारखे झालेच नव्हते. आग विझली नव्हती, औषधाने तोलून धरली होती.

आपल्याकडे काय होते? सूज उतरली की औषध बंद. दोष आईबापांना तरी कसा द्यावा? रोजंदारी बुडवून रुग्णालयाच्या रांगेत उभे राहायचे, आणि चिठ्ठी लिहिणाऱ्याला समजावून सांगायला सवड नाही. पण औषध मध्येच सोडले तर आजार उलटतो, सांधा झिजतो, पाय वाकडा राहतो. औषध कमी करायचे तेही डॉक्टरांनीच, हळूहळू.

आणखी एक. या आजारात, विशेषतः लहान मुलींत, डोळ्याच्या आत सूज येते. डोळा लाल होत नाही, दुखत नाही, आणि नजर जाते. म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडून यंत्रावर तपासणी हवी. धोका जास्त असलेल्या मुलांची दर तीन महिन्यांनी.

मेथोट्रेक्सेट हे यातले नेहमीचे औषध. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रोज घेतल्यास जिवावर बेतू शकते. चिठ्ठीवर वार लिहून मागावा आणि घरच्या कॅलेंडरवर त्या वाराला लाल खूण करावी.