चोरांचा इतिहास कशाला, म्हणे!

आमच्या एका विद्वान स्नेह्यांनी नुकताच एक फतवा काढला आहे. काळ्या पाण्यावर गेलेल्यांपैकी इतिहासाच्या कामाचे तेवढे राजबंदी. बाकीचे चोर, दरोडेखोर नि खुनी. त्यांच्यावर शाई खर्च करणे म्हणजे राष्ट्राच्या स्मृतीत केरकचरा भरणे. आयरिश लोक बघा म्हणतात, त्यांनी आपले देशभक्त जपले आणि उरलेल्यांना विसरून मोकळे झाले! वर आणखी एक अक्कल: हद्दपारी ही तशी दयाच होती, चोराला फुकट जमीन आणि नवा जन्म मिळे.

वाचून वाटले, गृहस्थांनी आयर्लंड नकाशातसुद्धा नीट पाहिलेले नसावे.

१७९१ मध्ये कॉर्कहून ‘क्वीन’ हे जहाज कैदी घेऊन सिडनीला निघाले. तेव्हापासून १८५३ पर्यंत आयर्लंडमधून सुमारे ३०,००० पुरुष आणि ९,००० स्त्रिया ऑस्ट्रेलियात धाडल्या गेल्या. यात देशभक्त किती? मूठभर. बाकीच्यांनी मेंढी चोरली होती, गाय पळवली होती, कपडे लांबवले होते. १८४५ नंतर बटाट्याचे पीक कुजले आणि लोक उपाशी मरू लागले, तेव्हा चोरी आणि जगणे यांतले अंतर किती उरले असेल, हे पोट भरलेल्या माणसाने ठरवू नये. १८६८ च्या जानेवारीत ‘हूगुमाँ’ हे शेवटचे कैदी-जहाज फ्रीमँटलला लागले. त्यावरच्या सुमारे २८० कैद्यांपैकी ६२ फेनियन, म्हणजे आयरिश क्रांतिकारक, म्हणजेच आमच्या स्नेह्यांच्या चाळणीतून पार पडणारे. उरलेल्यांना काय समुद्रात लोटायचे?

आणि आयरिशांनी त्यांना विसरून टाकले, हे तर धादांत खोटे. १९८८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वसाहतीला दोनशे वर्षे झाली तेव्हा आयर्लंडच्या सरकारने त्या देशाला भेट काय दिली? पुतळा नाही, तैलचित्र नाही. हद्दपारीच्या कागदपत्रांच्या सूक्ष्मफिती दिल्या. त्यांत मेंढीचोरही आहेत, आणि बायकामुलांनी केलेले दयेचे अर्जही आहेत. ज्या ऑस्ट्रेलियात पणजोबा कैदी होता हे पिढ्यान्‌पिढ्या लपवले जाई, तिथे आज लोक तो पणजोबा हौसेने शोधून काढतात.

आता देशभक्तांच्या सोवळेपणाविषयी. जॉन मिचेल हे आयरिश राष्ट्रवाद्यांचे मोठे नाव. १८४८ मध्ये चौदा वर्षांची हद्दपारी, टास्मानियातून १८५३ मध्ये पलायन, मग अमेरिका. आणि तिथे जाऊन या स्वातंत्र्यवीराने काय करावे? काळ्या लोकांच्या गुलामगिरीची उघड तरफदारी! मेंढी चोरणाऱ्याने निदान माणसे विकण्याचे समर्थन केले नव्हते. म्हणून मिचेलला इतिहासातून हाकला असे मी म्हणत नाही. चाळणी किती भोकांची आहे एवढेच दाखवतो.

घरचे उदाहरण हवे? शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके. १८७९ च्या फेब्रुवारीत धामारीवर त्यांनी घातला तो, सरकारी भाषेत, दरोडाच होता. खटल्यात तोही आरोप होता. फडक्यांना जन्मठेप झाली, एडनला पाठवले, १७ फेब्रुवारी १८८३ रोजी ते तिथेच वारले आणि आद्य क्रांतिकारक ठरले. योग्यच झाले. पण त्यांच्याबरोबर रानोमाळ हिंडलेले रामोशी? एक दौलतराव नाईक सोडला तर त्यांतली किती नावे आमच्या स्नेह्यांना तोंडपाठ आहेत? एकाच रात्री, एकाच वाड्यावर चालून गेलेल्यांत नेता क्रांतिकारक आणि अनुयायी दरोडेखोर, हा न्याय कुठल्या स्मृतीत लिहिला आहे?

हा जुनाच रोग. पूर्वी याच पंथाच्या एका गृहस्थांशी बखर खरी की अस्सल कागद खरा यावर माझा खटका उडाला होता. कागदात राजे कमी आणि कुळकर्णी फार, ही त्यांची तक्रार! असो.

फुकट जमिनीच्या ‘दये’बद्दल दोनच शब्द. आयरिश कैद्याची शिक्षा बहुधा सात वर्षांची, नंतर तो मोकळा. मुंबई आणि बंगालहून मॉरिशसला १८१५ पासून नेलेले कैदी मात्र बहुतेक जन्मठेपेचे. रस्ते बांधत मरायचे. १८३६ मध्ये डार्विन सिडनी पाहून मॉरिशसला आला. हे हिंदुस्थानी कैदी पाहून तो चकित झाला. त्यांचे वागणे आणि स्वच्छता पाहता न्यू साउथ वेल्सच्या कैद्यांकडे पाहावे त्या नजरेने यांच्याकडे पाहणेच अशक्य, असे त्याने नोंदवून ठेवले. परका माणूस थांबून पाहतो आणि आमचे विद्वान नाक मुरडतात.

मी राहतो आवडीला. मुंबईकडून येणारा लोहमार्ग इथूनच मद्रासेत शिरतो. जून १९११ मध्ये सावरकरांना याच मद्रासेत आणून ‘महाराजा’ बोटीवर चढवले. ४ जुलैला ते अंदमानात पोचले. तिथल्या तुरुंगाचा अधिकारी बारी, तो आयरिश! इंग्रजांनी ज्या देशाचे चोर जगभर फेकले, त्याच देशाचा माणूस आमच्या बंद्यांच्या उरावर बसला होता. आणि ‘माझी जन्मठेप’ उघडून पाहा, ती काय राजबंद्यांनीच भरली आहे? पानोपानी साधे कैदी आहेत, त्यांना अक्षरे शिकवण्याची खटपट आहे. ज्यांचे नाव पुढे करून आमचे स्नेही इतरांना हाकलतात, त्यांनीच त्यांना हाकलले नव्हते.

मग करायचे काय? माझे म्हणणे साधे आहे. १० मार्च १८५८ रोजी डॉक्टर वॉकर दोनशे कैदी घेऊन अंदमानात उतरला. तिथला सेल्युलर तुरुंग १८९६ ते १९०६ या काळात कैद्यांनीच बांधला. सिंगापूरच्या सेंट अँड्र्यूज कॅथीड्रलच्या भिंतींना जो मद्रासी चुना आहे, शिंपल्यांची कळी, अंड्याचा पांढरा बलक आणि गूळ घोटून केलेला, तोही हिंदुस्थानी कैद्यांच्या हातचा. वसाहती यांनी उभ्या केल्या. त्यांना नाव, गाव आणि शिक्षा एवढे तरी द्यावे. गौरव करा असे कुणी म्हणत नाही. खुनी असेल तर खुनी लिहा.

न्यायखात्याची जुनी दप्तरे मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहेत, मद्रास इलाख्याची एग्मोरला. आमच्या स्नेह्यांनी पुढचा फतवा काढण्याआधी त्यांतले एक तरी बाड सोडावे. आवडीहून एग्मोर दूर नाही. येणार असतील तर मी सोबत येईन.