तयार झॅम्प की वेगवेगळं बसवलेलं? शाळेच्या सर्व्हरबद्दल माझं मत



मागच्या आठवड्यात एका मैत्रिणीचा फोन आला. तीही आमच्या सांगवीच्या जवळच शिकवते. म्हणाली, "शाळेत एक जुना कॉम्प्युटर पडून आहे. त्यावर सराव चाचण्या टाकायच्यात, मुलं वायफायवरून सोडवतील. झॅम्प टाकू का?" दोन वर्षांपूर्वी मी लगेच "टाक" म्हटलं असतं. या वेळी म्हटलं, "आधी सांग, त्यात काय काय ठेवणार आहेस?"

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अशा कामाला तीन गोष्टी लागतात. मागितलेलं पान मुलाच्या मोबाईलवर पोचवणारा अपाची, माहितीची वही सांभाळणारा डेटाबेस, आणि या दोघांमध्ये हिशोब करणारी पीएचपी. झॅम्पमध्ये हे सगळं एकाच गठ्ठ्यात येतं. दुसरा मार्ग म्हणजे उबंटूसारख्या सिस्टिमवर एकेक करून बसवायचं.

आपली कंपासपेटी आठवा. जूनमध्ये पेटी विकत आणली की पट्टी, कोनमापक, कर्कटक सगळं हातात. पण कर्कटक बिघडलं आणि दुकानदार म्हणाला, "सुटं मिळणार नाही, अख्खी पेटी घ्या," तर? झॅम्पचं तसंच आहे. एकट्या पीएचपीत सुरक्षेची दुरुस्ती आली तरी साधारणपणे नवा गठ्ठाच उतरवून घ्यावा लागतो. आणि आपण तो उतरवत नाही. खरं सांगा, कोण उतरवतं?

तरीही झॅम्पला मी नावं ठेवणार नाही. मी डीएड केलेली बाई, कॉम्प्युटरची पदवी नाही. जे थोडंफार येतं ते झॅम्पमुळेच. स्टार्टचं बटण दाबलं की चालू, बिघडलं की काढून पुन्हा टाकायचं. शिकायला याहून सोपं काही नाही.

माझी चूक पुढे झाली. त्याच झॅम्पवर मी चौथीच्या वर्गाचा गुणतक्ता बनवला. नावं, गुण, पालकांचे मोबाईल नंबर, सगळं त्यात. एकदा मधल्या सुट्टीत कॉम्प्युटर चालूच ठेवून डबा खायला गेले. परत येते तर एक मुलगा समोर बसलेला. त्याने मायएसक्यूएलच्या पुढचं अ‍ॅडमिनचं बटण दाबलं होतं. पासवर्ड वगैरे काही न विचारता सगळा तक्ता उघडला होता. तो निरागसपणे म्हणाला, "मॅडम, ड्रॉप म्हणजे काय?"

ड्रॉप म्हणजे अख्खा तक्ता पुसणं. माझ्या पोटात गोळाच आला!

चूक त्याची नव्हती, झॅम्पचीही नव्हती. झॅम्प बनवणारे स्वतःच सांगतात की हे घरी बसून प्रयोग करण्यासाठी आहे, म्हणून दारं मुद्दाम उघडी ठेवली आहेत. मी ते वाचलंच नव्हतं.

उबंटूवर मायएसक्यूएल वेगळं बसवलं की मुख्य खात्यात असं कुणालाही शिरता येत नाही. आधी त्या कॉम्प्युटरवर पूर्ण अधिकार लागतो. ड्रॉपवालं पानही आपण मुद्दाम बसवल्याशिवाय येत नाही. दीर्घ मुदतीची आवृत्ती घेतली तर पाच वर्षं सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात, आणि इंटरनेट असेल तर त्या आपोआप बसतात.

काहीजण विचारतील, सिस्टिमसोबतच आलेलं वापरलं तर? मॅकवर अपाची आणि पीएचपी दोन्ही आयते यायचे. 2021 च्या माँटेरे आवृत्तीत अ‍ॅपलने पीएचपी काढून टाकली. ज्यांचं काम त्यावर होतं त्यांना धावपळ करावी लागली. दुसऱ्याच्या पेटीतल्या पट्टीवर किती भरवसा ठेवायचा?

आमच्या शाळेतल्या एका सरांचा आक्षेप मात्र मला पटतो. "मॅडम, उबंटू तुम्हाला येतं. तुमची बदली झाली की कोण बघणार?" केरळमधल्या सरकारी शाळांत उबंटूवर आधारित सिस्टिम चालते, तिथल्या शिक्षकांना प्रशिक्षणही मिळतं. आपल्याकडे ज्याचं त्याने शिकायचं. म्हणून मी काय काय बसवलं ते दोनशे पानी वहीत मराठीत लिहिलं आणि वही कपाटात ठेवली. शिवाय एक फायदा सरांनाही मान्य झाला. आपल्याकडे गुरुवारी वीज जाते. वीज आल्यावर झॅम्पचं पॅनल उघडून दोन्ही बटणं पुन्हा दाबावी लागायची. आता कॉम्प्युटर चालू केला की सर्व्हर आपला आपण सुरू होतो. मी रजेवर असले तरी शिपाईमामा ते करतात.

तर मैत्रिणीने सांगितलं, फक्त सरावाचे प्रश्न ठेवणार, मुलांची नावं नाहीत, गुणही साठवायचे नाहीत.

"मग टाक झॅम्प," मी म्हटलं. "नावं भरायची वेळ आली की एखाद्या रविवारी बोलाव. वही घेऊन येते."