खुंटीवरची एक बंदूक

तळेगाव ढमढेरे येथील आमच्या जुन्या वाड्याच्या माजघरात, देव्हाऱ्याच्या उजव्या अंगास असलेल्या सागवानी खुंटीवर, माझ्या बालपणी एक ठासणीची बंदूक टांगलेली असे. वेळ नदीकाठच्या मळ्यात रानडुकरांचा उपद्रव वाढला म्हणजे आजोबा ती खाली उतरवीत, मापाने दारू ओतून आणि चिंधीचा बोळा गजाने ठासून रात्री एखादा बार हवेत सोडीत; आणि खंडेनवमीस ती पुसून, नळीला तेल देऊन, नांगराचा फाळ, विळे आणि कोयते यांच्या पंक्तीत हळदकुंकवाने पूजिली जाई. तिचा परवाना पत्र्याच्या पेटीत, जमिनीच्या दस्तऐवजांखाली, घडी करून ठेवलेला असे. बंदूक एक, परवाना एक आणि ज्याच्या नावे तो होता तो जबाबदार इसमही एकच. दुसरी बंदूक घ्यावी असा विचार आजोबांच्या मनास कधी शिवला नाही, कारण राखावयाचा मळा एकच होता.

या साध्या हिशेबाची आठवण आज होण्याचे कारण असे की, शस्त्र बाळगणे ही गरज न राहता हौस होऊ लागल्याचे, आणि ती हौस एका शस्त्रावर न थांबता संग्रहाचे रूप घेऊ पाहत असल्याचे चित्र अलीकडे वारंवार दृष्टीस पडते. एका नागरिकाने किती बंदुका बाळगाव्यात, हा प्रश्न वरवर पाहता खाजगी आवडीचा वाटतो. परंतु टपाल तिकिटे किंवा जुनी नाणी यांचा संग्रह करणाऱ्या गृहस्थाच्या कपाटाला कुलूप नसले तर हानी त्याची एकट्याची होते. बंदुकांच्या कपाटाला कुलूप नसले तर ती साऱ्या आळीची होऊ शकते. म्हणून या छंदाची मर्यादा ठरविण्याचा अधिकार समाजास आहे, असे मला निःशंकपणे म्हणावयाचे आहे.

शस्त्रपरवान्याच्या निर्बंधाविषयी आपल्याकडे जो एक जुना रोष आहे, त्याचे मूळ मात्र समजून घेतले पाहिजे. 1878 साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत झालेल्या हत्यारांच्या कायद्याने या देशातील प्रजेच्या हातातील शस्त्र परवान्याखाली आणले आणि युरोपियनांस त्यातून सूट दिली. आपल्याच भूमीत आपण अविश्वासास पात्र ठरविले गेलो, हे शल्य त्या भेदाने निर्माण केले. त्याच्या पुढल्याच वर्षी वासुदेव बळवंत फडक्यांनी आपल्या बंडाचा पहिला छापा आमच्याच शिरूर तालुक्यातील धामारी गावावर घातला, ही गोष्ट आमच्या भागातील प्रत्येक शाळकरी मुलाने जाणली पाहिजे. राष्ट्रीय सभेने 1887 च्या मद्रास अधिवेशनात या कायद्यात फेरफाराची मागणी केली आणि 1931 मध्ये कराचीच्या ठरावातील मूलभूत हक्कांच्या यादीत, योग्य नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याच्या हक्काचाही समावेश झाला. परकीय सत्तेने निःशस्त्र केलेल्या समाजाची ती स्वाभिमानाची भाषा होती.

परंतु सत्ता स्वकीय झाल्यावर प्रश्नाचे स्वरूपच पालटले, आणि ते पालटलेले स्वरूप ज्यांनी सर्वांत स्पष्टपणे ओळखले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर होत. डिसेंबर 1948 मध्ये घटना समितीत हरी विष्णु कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती मांडली व कराचीच्या ठरावाचे स्मरण करून दिले. त्या दुरुस्तीस विरोध करताना बाबासाहेबांनी सांगितले ते असे की, नव्या परिस्थितीत महत्त्व शस्त्र धारण करण्याच्या हक्काला नसून, राज्यावर संकट आले असता ते धारण करण्याच्या कर्तव्याला आहे. आणि प्रत्येकाने मनास येईल ते हत्यार बाजारातून विकत घ्यावे अशी मुभा असेल, तर राज्यकारभार चालणेच अशक्य होईल. दुरुस्ती फेटाळली गेली. अस्पृश्यतेचा जाच ज्याने स्वतः सोसला आणि गावगाड्यात लाठी कोणाच्या हातात असते व कोणाच्या पाठीवर पडते हे ज्यास पुस्तकावाचून ठाऊक होते, त्या पुरुषाचा हा निर्णय होता. बंदुकांची दुकाने सर्वांना सारखी खुली झाली तरी बंदुका सर्वांच्या घरी सारख्या जात नाहीत. ज्याच्या घरी आधीच जमीन, पैसा आणि माणसे आहेत त्याच्याच घरी त्या साठतात, हे सत्य त्या निर्णयाच्या तळाशी आहे असे मी मानतो.

पुढे 1959 चा शस्त्र अधिनियम झाला. 1983 च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस तीन अग्निशस्त्रांची मर्यादा घातली गेली. आणि डिसेंबर 2019 मध्ये ती दोनावर आणण्यात आली. मूळ विधेयकात ती एकच होती, परंतु लोकप्रतिनिधींच्या आग्रहावरून दुसऱ्या शस्त्रास जागा मिळाली. दोनाहून अधिक शस्त्रे असणाऱ्यांनी जास्तीची शस्त्रे वर्षाच्या मुदतीत ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावीत असा हुकूम झाला, आणि वारसाहक्काने आलेले शस्त्रही या गणनेतून वगळले गेले नाही. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांची केली, आणि लग्नाच्या वरातीत वा मिरवणुकीत बेफिकीरपणे बार काढून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली.

या मर्यादेविरुद्ध संग्राहक जे बोलतात ते ऐकून घेण्याजोगे आहे. ते म्हणतात की, जुनी बंदूक हा लोहारकामाचा, सुतारकामाचा आणि इतिहासाचा एकत्रित नमुना असतो. तोड्याच्या बंदुकीपासून ठासणीपर्यंत आणि ठासणीपासून दुनळीपर्यंतचा प्रवास ज्यास समजावून घ्यावयाचा आहे, त्यास दोन नगांत तो कसा समजावा? ते असेही म्हणतात की, देशातील गुन्ह्यांत वापरले जाणारे हत्यार बहुधा गावठी कट्टा असतो, तेव्हा कायदा पाळून परवाना घेणाऱ्या सज्जनावर निर्बंध कशासाठी? यांपैकी पहिल्या म्हणण्यात पुष्कळ तथ्य आहे आणि दुसऱ्यातही काही आहे. जिनिव्हा येथील स्मॉल आर्म्स सर्व्हे या संस्थेच्या 2017 च्या अंदाजानुसार भारतात नागरिकांच्या हाती सुमारे 7 कोटी 11 लाख अग्निशस्त्रे होती, आणि त्यांपैकी नोंदलेली केवळ 97 लाखांच्या घरात होती. उरलेल्या प्रचंड राशीचा बंदोबस्त संग्राहकाच्या कपाटावर मोहोर लावून होणार नाही. त्यासाठी पोलिसांनी कट्टे घडविणाऱ्या भट्ट्यांपर्यंत पोहोचले पाहिजे, हे मान्य.

तरीही परवान्याची बंदूक निरुपद्रवी असते, असे अनुमान यातून निघत नाही. त्याच संस्थेच्या हिशेबाने अमेरिकेत 39 कोटींहून अधिक शस्त्रे नागरिकांकडे आहेत, म्हणजे दर शंभर माणसांमागे 120. भारतात हे प्रमाण शंभरांमागे पाचाच्या आसपास आहे. अमेरिकेतील विद्यापीठांच्या संशोधकांनी 2015 मध्ये केलेल्या पाहणीत असे आढळले की, प्रौढ लोकसंख्येच्या अवघ्या तीन टक्के लोकांकडे देशातील निम्मी शस्त्रे एकवटलेली आहेत आणि अशा प्रत्येकाकडे सरासरी सतरा बंदुका आहेत. हे सतराचे कपाट ज्या घरात आहे त्या घरात चोर शिरला, एखाद्या तरुणाच्या मनावर काळोखी दाटली, दारूच्या भरात भाऊबंदकीचा वाद पेटला, किंवा मालक वारला आणि वारसांस कुलपाचे गांभीर्य उमगले नाही, तर काय होईल, हे सांगण्यास ज्योतिषी नको. ऑस्ट्रेलियात पोर्ट आर्थर येथे 28 एप्रिल 1996 रोजी एका माथेफिरूने 35 माणसे मारली, तेव्हा त्या देशाने कायदा कडक करून सहा लाखांहून अधिक बंदुका मोबदला देऊन परत घेतल्या. साठा झाल्यावर तो उपसण्यास केवढे सायास पडतात, याचे हे उदाहरण आहे. परवान्याच्या बंदुकांचा तसा साठा आपल्याकडे अद्याप झालेला नाही, ही आपली सुदैवाची गोष्ट होय.

आता आमच्या परगण्याकडे वळू. रांजणगाव, शिक्रापूर, सणसवाडी या पट्ट्यात कारखाने आले, जमिनीस सोन्याचा भाव आला, आणि बागायतीच्या दोन पैशांवर संसार करणाऱ्या घरांत एकाएकी लाखो रुपये आले. त्या संपत्तीबरोबर कमरेला पिस्तूल लटकविण्याची प्रतिष्ठाही आली, ही गोष्ट मला अत्यंत क्लेशदायक वाटते. बीड जिल्ह्यात मस्साजोगच्या सरपंचाची डिसेंबर 2024 मध्ये निर्घृण हत्या झाली, त्यानंतर त्या एकाच जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने दिले गेल्याचे साऱ्या महाराष्ट्रापुढे आले आणि प्रशासनास त्यांतील पुष्कळ परवाने रद्द करावे लागले. परवाना हा गरजेचा दाखला न राहता वजनाचा दाखला झाला, की जिल्ह्याची काय अवस्था होते, हे त्यावरून दिसले.

परंतु याच शिरूर तालुक्यात गरजेची दुसरी, खरी बाजूही आहे. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या तालुक्यांतील उसाच्या फडांत बिबट्याने आपले घर केले आहे. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेडच्या परिसरात बालकांसह माणसे बळी पडली, लोक रस्त्यावर उतरले, आणि अखेर वनखात्यास नेमबाज लावून नरभक्षक बिबट्या टिपावा लागला. ज्या मातेचे लेकरू अंगणातून उचलले गेले तिच्यापुढे वन्यजीव कायद्याची कलमे वाचून दाखविण्याचे धारिष्ट माझ्यात नाही. ‘आम्हांस बंदुकीचे परवाने द्या’ अशी मागणी त्या दुःखातून उठते, तेव्हा ती हेटाळण्यासारखी मुळीच नसते. पिकाच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची आणि स्वसंरक्षणासाठी लांब नळीच्या बंदुकीची तरतूद 1959 च्या कायद्यात आहे. ज्याचा मळा फडांनी वेढलेला आहे आणि ज्याचे वर्तन निष्कलंक आहे, अशा शेतकऱ्याचा अर्ज दप्तरात वर्षानुवर्षे धूळ खात पडता कामा नये.

मात्र बंदूक हाती आली म्हणजे बिबट्याचे भय सरले, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. दाट उसातून जनावर झेप घेते ते क्षणार्धात, आणि तेही बहुधा पाठमोऱ्या, वाकलेल्या माणसावर किंवा मुलावर. खांद्यावरची बंदूक त्या क्षणी काठीइतकीही उपयोगी पडत नाही, आणि अंधारात घाबरून सोडलेला बार शेजारच्या बांधावरील माणसास लागण्याचा संभव मोठा. आमच्या शेतकऱ्यास रात्री उसाला पाणी द्यावयास का जावे लागते? शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीने येते म्हणून. दिवसा वीज, गोठ्यास पक्की भिंत, वस्तीभोवती उजेड, चौघांनी मिळून फडात जाण्याची शिस्त, आणि पिंजरा घेऊन तत्परतेने धावणारे वनखाते, या पाच गोष्टी जितके जीव वाचवितील तितके पाचशे परवाने वाचविणार नाहीत.

नेमबाजीच्या छंदाविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण संग्रहाच्या हौसेस पुष्कळदा क्रीडेचे नाव दिले जाते. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफलच्या तीन स्थितींतील स्पर्धेत कांस्यपदक मिळविले, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राची छाती अभिमानाने फुगली. पुण्याच्या बालेवाडीत वर्षानुवर्षे श्वास रोखून लक्ष्य साधण्याची जी तपश्चर्या त्याने केली, तिचे फळ ते. मान्यताप्राप्त नेमबाजांस केंद्र शासनाने 2020 मध्ये दोनाच्या मर्यादेपलीकडे सवलत वाढवून दिली आहे, आणि ते योग्यच आहे; कारण त्यांच्या प्रत्येक शस्त्रामागे एक स्पर्धा, एक प्रशिक्षक आणि एक नोंदवही उभी असते. तशी शिस्त ज्याच्यामागे नाही त्याने खेळाडूच्या सवलतीत वाटा मागू नये.

राहता राहिला इतिहासाचा प्रश्न, आणि तेथे मात्र माझे मन संग्राहकाकडे झुकते. पुण्यात दिनकर गंगाधर केळकरांनी उभे आयुष्य वेचून दिवे, अडकित्ते, वाद्ये, शस्त्रे अशा वीस हजारांहून अधिक वस्तू जमविल्या, अकाली गेलेल्या आपल्या राजा नावाच्या मुलाच्या नावे संग्रहालय केले, आणि अखेर तो सारा ठेवा महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. संग्रहवृत्तीची परिणती कशात व्हावी याचा तो आदर्श होय. म्हणून माझी मागणी अशी आहे: दोनाची मर्यादा कायम राहावी, दर पाच वर्षांनी नूतनीकरण करताना शस्त्र कोठे व कसे ठेवले आहे, त्याची गरज उरली आहे काय, आणि बाळगणाऱ्याचे मन स्वस्थ आहे काय, याची तपासणी प्रत्यक्ष घरी जाऊन व्हावी, आणि जुन्या घराण्यांतील पिढीजात शस्त्रांसाठी शासनाने प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी एक सुरक्षित शस्त्रदालन उघडून, ती निकामी करून, मूळ घराण्याच्या नावाच्या पाटीसह तेथे मांडावीत. वारसास मान मिळेल, अभ्यासकास नमुना मिळेल, आणि गावास आपला इतिहास पाहावयास मिळेल.

आजोबा गेल्यावर वडिलांनी परवान्याचे नूतनीकरण केले नाही; रीतसर अर्ज देऊन त्यांनी बंदूक ठाण्यात जमा केली आणि कायद्याप्रमाणे ती पुढे सरकारजमा झाली. वडिलांनी केले ते उचितच केले, असे मी आजही म्हणतो. त्यांना मिळालेली पावती पत्र्याच्या पेटीत अजून आहे. तीवर एका कारकुनाच्या वळणदार अक्षरात ‘ठासणीची, एकनळी, दस्ता लाकडी’ एवढीच नोंद आहे. माझ्या नातवाने गेल्या खंडेनवमीस ती पावती वाचून विचारले, की आजोबा, ती बंदूक आता कोठे पाहावयास मिळेल? शिरूरच्या एखाद्या दालनात काचेआड, असे त्यास सांगता आले असते, तर त्या रिकाम्या खुंटीविषयी मला कसलीच खंत उरली नसती.