वेल्ह्याचं राजगड झालं, शाळा समूहात चालल्या. मग भिंतीवरच्या जुन्या फोटोंचं काय?

राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये वेल्हे तालुक्याचं नाव 'राजगड' करण्याचा निर्णय घेतला आणि २०२५ मध्ये ते अधिकृत झालं. आता कार्यालयांचे फलक, शिक्के, शाळांवरच्या पाट्या बदलतील. तालुक्यात राजगड आणि तोरणा दोन्ही किल्ले असल्याने नव्या नावाचं स्वागत झालं. मात्र दहा-वीस वर्षांनी एखाद्या मुलाला आजोबांच्या वर्गाच्या फोटोत 'ता. वेल्हे' असं दिसेल, तेव्हा ते कुठलं गाव हे त्याला सांगावं लागेल. सांगणारं माणूस तेव्हा असेल का, असा हा प्रश्न आहे.

पानशेतचं उदाहरण

सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण विभागाने कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' उभारण्याचे प्रस्ताव मागवले. तेव्हा राज्यात २० किंवा त्यापेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा होत्या आणि त्यांत साधारण १ लाख ८५ हजार मुलं शिकत होती. त्या पत्रात नमुना म्हणून दोन शाळांची नावं होती: नंदुरबारमधलं तोरणमाळ आणि वेल्हे तालुक्यातलं पानशेत. शिक्षक संघटनांनी विरोध केला, मुलांची पायपीट आणि शिक्षणहक्क यावर बरीच चर्चा झाली. ती व्हायलाच हवी होती.

एक गोष्ट या चर्चेत आलीच नाही. शाळा बंद होते किंवा दुसरीकडे जाते, तेव्हा जनरल रजिस्टर नियमाप्रमाणे सोबत जातं. बाकं जातात, टीव्ही जातो. मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे टांगलेले वर्गांचे फोटो कोणत्याही यादीत नसतात. शाळेच्या जडसंग्रह नोंदवहीत फ्रेम असलीच तर ती महापुरुषांच्या तसबिरीची.

रजिस्टरला भाव आला, फोटोला नाही

जुन्या शालेय कागदाची किंमत काय असते हे महाराष्ट्राने नुकतंच पाहिलं. मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. वर्षानुवर्षं कपाटात पडलेली रजिस्टरं खाली आली, मोडी वाचणाऱ्यांना बोलावणी गेली, पानं स्कॅन झाली. म्हणजे यंत्रणेला हे काम जमतं, फक्त दाखल्याची गरज लागते.

फोटोवर दाखला मिळत नाही. पण रजिस्टरमध्ये नाव, जात, जन्मतारीख आणि शाळा सोडल्याचं कारण असतं; चेहरा नसतो. अनवाणी पाय, मोठ्या भावाचा ढगळ सदरा, चाळीस मुलांत बसलेल्या तीन मुली हे फक्त फोटोत दिसतं. मुलींची नावं तिथे माहेरची असतात. त्यामुळे नातवंडं आजीला शोधतात आणि ती सापडत नाही. फोटो आणि रजिस्टर शेजारी ठेवले तरच ती सापडते.

भोर-वेल्ह्याला हे जास्त लागू होतं, कारण इथली गावं धरणांनी हलवली. भाटघर धरण १९२८ मध्ये पूर्ण झालं. नंतर पानशेत, वरसगाव, नीरा देवघर, गुंजवणी. पानशेत फुटलं तो १२ जुलै १९६१ चा पूर पुण्याच्या स्मरणात आहे. त्याचे फोटो दर जुलैमध्ये सोशल मीडियावर फिरतात. धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांचे, तिथल्या शाळांचे फोटो क्वचितच दिसतात. पूर शहरात आला, कॅमेरेही शहरातच होते.

फोटो कधीचा, हे कसं ओळखायचं?

मागे तारीख नसली तरी शाळेचा फोटो बरंच बोलतो. भोर हे पंतसचिवांचं संस्थान होतं आणि ८ मार्च १९४८ ला ते मुंबई प्रांतात विलीन झालं. पाटीवर संस्थानाचा उल्लेख असेल तर फोटो बहुधा त्याआधीचा. 'लोकल बोर्ड' किंवा 'स्कूल बोर्ड' लिहिलं असेल तर बहुतेक १९६२ पूर्वीचा, कारण जिल्हा परिषदा १ मे १९६२ ला आल्या. 'अकरावी, एस.एस.सी.' असेल तर बहुधा १९७५ पर्यंतचा. त्या वर्षी दहावीची पहिली बोर्ड परीक्षा झाली. पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात स्टुडिओचं नाव, गाव असतं, तेही टिपून ठेवावं. अर्थात पाट्या उशिरा बदलतात, त्यामुळे एका खुणेवर भरवसा ठेवू नये.

नावांचं काम मात्र खुणांनी होत नाही. १९६० च्या आसपास सातवीत असलेली मुलं आज ऐंशीच्या घरात आहेत. बरेच जण नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेले, तिथेच राहिले. फोटो वीस वर्षांनीही स्कॅन करता येईल, 'उभे, डावीकडून चौथे कोण?' हे तेव्हा कुणाला विचारणार?

मोबाईलवर काय बिघडतं

गावाच्या ग्रुपवर जुना फोटो पडला की शंभर अंगठे येतात आणि आठवड्यात तो शुभेच्छांच्या ढिगाखाली जातो. शिवाय व्हॉट्सॲप फोटो लहान करून पाठवतं; चार ग्रुप फिरून आलेल्या प्रतीत मागच्या रांगेचे चेहरे पुसट होतात. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर मूळ फाईल तशीच जाते.

त्याहून मोठी फसगत एआयची. धूसर फोटो 'स्वच्छ' करणारी ॲप नवे डोळे, नवं नाक तयार करतात. दिसायला छान, पण तो माणूस तो नसतो. रंगीत प्रत हौसेने करावी, मूळ स्कॅन वेगळं ठेवावं आणि बदललेल्या प्रतीवर तसं लिहावं.

कागदाचा शत्रू इथला पाऊस. ओल धरणाऱ्या भिंतीवरून फ्रेम आधी उतरवावी. काचेला चिकटलेला फोटो ओढू नये, काचेसकट स्कॅन करावा. लॅमिनेशन नको. मागे बॉलपेन नको, मऊ पेन्सिल चालते. स्कॅन ६०० डीपीआयला करावं आणि मागची बाजूही घ्यावी, कारण बहुतेकदा नावं तिथेच असतात. कृष्णधवल फोटो रंगीत फोटोंपेक्षा जास्त टिकतात. सत्तर-ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो लालसर पडत चालले आहेत, तेव्हा सुरुवात त्यांच्यापासून केलेली बरी.

कुणी करायचं?

अनुषा यादव यांनी २०१० मध्ये 'इंडियन मेमरी प्रोजेक्ट' सुरू केला. घरातला जुना फोटो आणि त्यामागची हकिगत एकत्र मांडायची, एवढीच त्याची कल्पना. तालुक्यासाठी याहून साधं काही पुरेल. शाळांच्या शताब्दीला स्मरणिका निघतात, त्यासाठी माजी विद्यार्थी फोटो जमवतात. छपाई झाली की ती पाकिटं कुणाच्या तरी घरी राहतात. स्मरणिकेसाठी केलेली स्कॅन शाळेकडे, ग्रामपंचायतीकडे आणि तालुक्यातल्या एका वाचनालयात अशी तीन ठिकाणी ठेवायला हार्ड डिस्कपलीकडे फारसा खर्च येत नाही. आणि समूह शाळेचा आदेश काढताना हस्तांतराच्या यादीत 'भिंतीवरील छायाचित्रे' ही एक ओळ घालायला तर काहीच खर्च येत नाही.