निकालपत्रक जपून ठेवा

इंदुरातल्या कुठल्याही जुन्या क्रिकेटवेड्याला होळकर संघाविषयी विचारून पाहा. चार वेळा जिंकलेला रणजी करंडक, १९४५-४६ च्या मोसमात इथेच म्हैसूरविरुद्ध केलेल्या ८ बाद ९१२ धावा, त्या एका डावातली सहा शतके, हे सगळे तो झोपेतून उठवला तरी सांगेल. त्याच वर्षांत याच शहरात शंभर यार्ड सर्वांत वेगाने कोण धावत होते, असे विचारले तर मात्र तो आपल्याकडे बघत राहील. धावणारे तेव्हाही होतेच. पण क्रिकेटजवळ स्कोअरबुक होते आणि मैदानी स्पर्धांचा निकाल बक्षीस समारंभ संपला की शाळेच्या कपाटात जाई, तिथून रद्दीत.

जिल्हा निवड चाचण्यांचा मोसम तोंडावर आला आहे, म्हणून हा विषय. राष्ट्रीय मैदानी स्पर्धेचा इतिहास आपण विजेत्यांच्या नावांनी सांगतो. क्रीडाशिक्षक, प्रशिक्षक आणि पंच यांनी तो घड्याळ आणि फीत धरणाऱ्यांच्या बाजूनेही वाचावा, असे आम्हाला वाटते.

आरंभ पुण्यातला. १९१९ च्या सुमारास डेक्कन जिमखान्याने मैदानी स्पर्धा भरवल्या तेव्हा जिमखान्याचे अध्यक्ष दोराबजी टाटा होते. स्पर्धक बहुतेक शेतकऱ्यांची पोरे, अनवाणी. नियम ठाऊक नाहीत, धावण्याची पद्धत कोणी शिकवलेली नाही, खालची वाट खडबडीत. तरीही काहींच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळ जाणाऱ्या निघाल्या, असे दोराबजींनी पुढे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात नमूद केले. या प्रसंगात सगळे अनवाणी पायांचे कौतुक करतात. आमचे लक्ष ‘वेळा’ या शब्दाकडे जाते. केंब्रिजमध्ये शिकलेल्या दोराबजींना तिकडची मैदाने माहीत होती, म्हणून त्यांना तुलना सुचली. पण तुलना करायला आकडा लागतो, आणि पुण्याच्या मैदानावर कोणीतरी घड्याळ धरून तो टिपला होता. त्या माणसाचे नाव कोणी सांगत नाही.

त्यातूनच १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला संघ गेला. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये १९ वे आले, वेळ २ तास ५० मिनिटे ४५ सेकंद. सोबत धावलेल्या सदाशिव दातारांना शर्यत पुरी करता आली नाही. चौगुल्यांची वेळ आज एखाद्या होतकरू पोराला सांगितली तर तो हसेल. त्याला पुढचेही सांगावे. अँटवर्पची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची होती, आजच्या ४२.१९५ पेक्षा अर्ध्या किलोमीटरहून लांब. अंतर लिहून ठेवले गेले म्हणून शंभर वर्षांनंतरही चौगुल्यांना न्याय देता येतो. ते नसते तर वेळेचा आकडा त्यांच्या विरोधातच बोलला असता.

१९२४ च्या फेब्रुवारीत दिल्लीत अखिल भारतीय ऑलिंपिक सामने झाले. पॅरिससाठी संघ निवडणे हे त्यांचे काम. आपल्या राष्ट्रीय स्पर्धेचे मूळ इथे आहे. तिची बांधणी करणाऱ्यांत दोराबजींच्या जोडीला वायएमसीएचे नोरेन आणि हॅरी क्रो बक होते. बक यांनी १९२० मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय सुरू केले होते, म्हणजे आपल्या पेशाचे ते एक मूळपुरुषच. प्रांतोप्रांती संघटना उभ्या राहिल्या, कारण प्रांतिक निवड झाल्याशिवाय दिल्लीला कोणाला पाठवायचे हे ठरत नव्हते. पुढे १९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना, १९४० मध्ये मुंबईत या सामन्यांना मिळालेले ‘राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा’ हे नाव आणि १९४६ मध्ये अॅथलेटिक्सचा स्वतंत्र महासंघ. हे टप्पे पाठ्यपुस्तकांत आहेत, इथे त्यांवर रेंगाळत नाही.

आज वरिष्ठ गटाच्या दोन राष्ट्रीय स्पर्धा आहेत, आंतरराज्य आणि खुली, शिवाय फेडरेशन कप. २०२१ मध्ये पतियाळात साठावी आंतरराज्य झाली आणि त्याच वर्षी वरंगळला साठावी खुली. पालक गोंधळतात, नवे शिक्षकही. फरक साधा आहे. आंतरराज्यमध्ये खेळाडू आपल्या राज्याकडून उतरतो. खुल्या स्पर्धेत सेनादल आणि रेल्वेसारखे संघही असतात. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याचा अविनाश साबळे महार रेजिमेंटचा जवान. या रेजिमेंटचे केंद्र आपल्याच सागरला आहे. २०१८ मध्ये भुवनेश्वरच्या खुल्या स्पर्धेत त्याने ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटे २९.८० सेकंदांत पुरी केली आणि गोपाल सैनी यांचा १९८१ चा ८ मिनिटे ३०.८८ सेकंदांचा विक्रम मोडला. सदतीस वर्षांचा विक्रम आणि फरक सेकंदाच्या थोडा वर! स्टॉपवॉचच्या जमान्यातली ढिलाई जुन्या किंवा नव्या आकड्यात असती तर ‘खरेच मोडला का’ हा वाद अजून चालू राहिला असता. सहा वर्षांनी पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये अविनाशने हीच शर्यत ८ मिनिटे ०९.९१ सेकंदांत संपवली.

वाद कसा होतो ते ४०० मीटरने दाखवून दिले आहे. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये मिल्खासिंग चौथे आले. हाताच्या घड्याळाने त्यांची वेळ ४५.६, विजेच्या घड्याळाने ४५.७३. नोव्हेंबर १९९८ मध्ये कोलकात्याच्या राष्ट्रीय स्पर्धेत परमजितसिंग ४५.७० मध्ये धावला. विजेचा आकडा धरला तर विक्रम मोडला, हाताचा धरला तर नाही. विक्रम मोडणाऱ्यास मिल्खासिंगांनी दोन लाख रुपये जाहीर केले होते. विक्रम परदेशी भूमीवर मोडला तरच बक्षीस लागू, असे म्हणून त्यांनी ते दिले नाहीत. मिल्खासिंगांविषयी आदर ठेवूनही आमचे मत परमजितच्या बाजूने आहे. आपल्याच राष्ट्रीय स्पर्धेतल्या वेळेवर आपल्याच सर्वांत मोठ्या धावपटूने परदेशातल्या इतका भरवसा ठेवू नये, याचा सल मात्र आयोजकांना आणि पंचांना असायला हवा. हाताच्या वेळेत १०० आणि २०० मीटरला ०.२४ सेकंद आणि ४०० मीटरला ०.१४ मिळवून तुलना करतात, हे आपण सगळे जाणतो. तरी जिल्ह्याच्या पत्रकांवर दोन्ही प्रकारच्या वेळा शेजारी शेजारी, कसलीही खूण न करता, छापलेल्या दिसतात. वाऱ्याची नोंद तर सोडाच. मागून सेकंदाला २ मीटरपेक्षा जास्त वारा असेल तर १०० मीटरची वेळ विक्रमाला चालत नाही, आणि मुलगा ती वेळ वर्षभर मिरवतो.

हा भरवसा आता दुसऱ्या बाजूनेही पोखरला जातो आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्ली राज्य स्पर्धेत उत्तेजकचाचणीचे पथक आल्याचे कळताच खेळाडू निघून गेले आणि पुरुषांच्या १०० मीटरच्या अंतिम फेरीत एकटा धावपटू धावला. त्याचे निकालपत्रक डोळ्यांसमोर आणा. वयचोरीची गोष्ट याहून जुनी. मनगटाचा एक्स-रे राष्ट्रीय पातळीवर काढतात, पण चुकीची जन्मतारीख त्याच्या कितीतरी आधी, शाळेच्या दाखल्यावर आणि आपल्या सहीने पुढे सरकलेली असते. आपल्यातल्या काहींना हे वाचून राग येईल. यावा.

ग्वाल्हेरचे लक्ष्मीबाई महाविद्यालय १९५७ पासून आणि अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ त्याच्याही कितीतरी आधीपासून आपल्या भागाला क्रीडाशिक्षक पुरवत आली आहेत. माणसे शिकलेली आहेत. सवय तेवढी मोडलेली आहे.

म्हणून पुढच्या अंकापासून या मासिकात जिल्हा आणि विभागीय निकाल छापताना आम्ही तीन रकाने मागणार आहोत: वेळ हाताची की विजेची, ट्रॅक मातीचा की सिंथेटिक, आणि जिथे लागू असेल तिथे वारा. रकाना रिकामा असेल तर खेळाडूचा क्रमांक छापू, वेळ छापणार नाही. पंचप्रमुखाचे नाव निकालाखाली येईल. आणखी एक. होळकर संस्थानाच्या काळातली, मध्य भारत राज्याची किंवा १९५६ नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांची पत्रके कोणाच्या घरी, शाळेत किंवा आखाड्यात असतील तर ती कार्यालयात आणून द्यावीत. छायाप्रत काढून मूळ कागद परत करू. कडा फाटल्या असतील तर कातरून सरळ करू नयेत, टाइमकीपरच्या सह्या बहुधा तिथेच असतात.